शिपाई, चितारी आणि वाटसरू : कर्नल मेडोज टेलर



हिंगोलीच्या छावणीचें नांव आतां कोणी फारसें काढीत नाहीं. निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं जी फौज असे, आणि जिला पुढें हैदराबाद कंटिन्जंट हें नांव पडलें, तिचें हें एक ठाणें. १९०३ सालीं तें मोडलें आणि कयाधूच्या कांठीं बाजारपेठेचें गांव तेवढें राहिलें. १९९९ सालीं हिंगोली हा निराळा जिल्हा झाला. साखऱ्याकडून, गोरेगांवाकडून किंवा सेनगांवाहून कामासाठीं हिंगोलीस येणाऱ्या मनुष्याला आज तेथें कचेऱ्या दिसतात, दुकानें दिसतात. परंतु जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं येथें एक तरुण इंग्रज शिपाई राहत होता आणि पुढें त्यानें या मुलखाच्या वाटांचें जें वर्णन केलें तें खुद्द इंग्लंडच्या राणीनें उत्सुकतेनें वाचलें, ही गोष्ट त्याच्या कानीं सहसा पडलेली नसते. त्या शिपायाचें नांव फिलिप मेडोज टेलर. आजचें भाषण त्याच्याविषयीं आहे.

छावणींत त्या काळीं हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. अधिकाऱ्यांची त्याच्याकडे देवघेव असे, टेलरचीहि होती. एकदां या हरिसिंगानें जिल्ह्याचे अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडे मुंबईहून कापड आणण्यासाठीं दस्तक मागितलें. कापड मुंबईहून निघालें होतें हें खरें. पण तें होतें हिंगोलीच्या आसपासच्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें. वाटेंत तो व्यापारी, त्याचे नोकर आणि गुरें हांकणारे असे सर्व मारले गेले. माल सरकारी दस्तकाच्या आधारानें राजरोस छावणींत आला आणि तेथेंच उघड्यावर विकला गेला. हरिसिंग हा त्या भागांतील ठगांचा म्होरक्या होता. तो पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच ही हकीकत सांगितली, आणि तीहि एखादी गंमत सांगावी तशी. त्याच्या टोळीनें छावणीच्या बाजारांत, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आंत, माणसें मारलीं होतीं आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून ५०० यार्डांवर पुरलीं होतीं. जागा म्हणजे नदीला मिळणारा एक कोरडा, अरुंद ओहोळ. शेजारच्या गांवाला जाण्याची नेहमींची वाट त्याच्या कडेनेंच होती. माफीचे साक्षीदार शांतपणें एकेक ठिकाण दाखवीत गेले, खणणारे खणीत गेले आणि एकेका खड्ड्यांतून अनेक प्रेतें निघालीं. हें पाहणाऱ्यांत टेलर होता. शेवटीं पाहणाऱ्यांनाच किळस येऊन खणणें थांबवावें लागलें, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

पहाऱ्यावरचा मनुष्य डोळे उघडे ठेवतो, म्हणून छावणीला झोंप लागते. येथें पहारा जागा होता, अधिकारी कांहीं मूर्ख नव्हते आणि तरीहि कोणाला कांहीं दिसलें नाहीं. ज्याच्याकडून आपण कापड घेतों तो कोण आहे, ज्या वाटेनें आपण घोडा फिरवितों तिच्याखालीं काय आहे, हें ठाऊक नसतांना आपण या लोकांवर अधिकार चालवितों, ही जाणीव एखाद्या विचारी तरुणाच्या मनांत खोल गेल्याशिवाय राहणार नाहीं. टेलरच्या पुढील सर्व उद्योगांकडे, त्याच्या चित्रांकडे, प्रवासाकडे आणि कादंबऱ्यांकडे, मी याच अंगानें पाहतों. हें अनुमान माझें आहे; श्रोत्यांनीं तें पुढील हकीकतीवर घासून पाहावें.

टेलरचा जन्म लिव्हरपूल येथें २५ सप्टेंबर १८०८ रोजीं झाला. बाप व्यापारी, पण धंदा बुडालेला. मुलाचें शिक्षण अर्धवट राहिलें, त्याला कोंवळ्या वयांतच एका पेढीवर कारकुनीस बसविलें आणि पंधराव्या वर्षीं मुंबईच्या बॅक्स्टर नांवाच्या व्यापाऱ्याकडे पाठविण्याचें ठरलें. १८२४ च्या सप्टेंबरांत तो मुंबईस उतरला तों त्या व्यापाऱ्याचेंच दुकान अडचणींत! मुंबई सरकारांत आईच्या नात्यांतले एक वजनदार गृहस्थ होते. त्यांच्या खटपटीनें त्याच वर्षाच्या अखेरीस या मुलाला निजामाच्या फौजेंत जागा मिळाली आणि तो पुणें, अहमदनगर या वाटेनें औरंगाबादेस गेला. तलवारीची हौस म्हणून नव्हे, पोटासाठीं तो शिपाई झाला.

येथें एक बाब ध्यानांत ठेविली पाहिजे. टेलर हा कंपनीचा नोकर नव्हता. तो निजामाचा नोकर होता. कंपनीचे सनदी अधिकारी अशा लोकांना आपल्या पंक्तीचे मानीत नसत. बढतीच्या वेळीं, नेमणुकीच्या वेळीं, पेन्शनच्या वेळीं त्याला हा भेद जन्मभर बोंचत राहिला. परंतु याच भेदामुळें त्याचा एक मोठा फायदा झाला असें मला वाटतें. कंपनीचा अधिकारी दोन-चार वर्षांनीं बदलून दूरच्या प्रांतांत जावयाचा. टेलरचें सारें आयुष्य, ३६ वर्षांची नोकरी, दख्खनच्याच पठारावर गेली. हिंदुस्थानी, मराठी आणि फारसी यांचा अभ्यास त्यानें परीक्षेपुरता केला नाहीं. त्याला त्यांत राहावयाचें होतें. १८३२ सालीं त्यानें लग्न केलें तें हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या मेरी या मुलीशीं. आणि या पामरांची आई फैज बख्श ही हिंदुस्थानी मुसलमान घराण्यांतील स्त्री होती. अशा माणसाला पुरतें परकें म्हणवत नाहीं, आणि आपलेंहि म्हणवत नाहीं.

विशीच्या आंतच त्याला फौजेंतून काढून पोलीसखात्याच्या कामावर धाडण्यांत आलें. येथून त्याचा खरा प्रवास सुरू झाला. त्या काळचा प्रवास म्हणजे घोड्याची पाठ, मुक्कामाचा तंबू आणि दिवसाची मजल. मजल आटपली कीं झाडाखालीं बसावें, गांवचा पाटील, कुलकर्णी, वाणी, यात्रेकरू, जो येईल त्याच्याशीं बोलावें. आत्मचरित्रांत त्यानें या दिवसांची एक गोष्ट सांगितली आहे. कांहीं यात्रेकरूंनीं तक्रार केली कीं वाणी पिठांत वाळू मिसळतात. टेलरनें दंड केला नाहीं, तुरुंग दाखविला नाहीं. त्या वाण्यांना बोलावून त्यांच्याच पिठाच्या भाकरी त्यांच्याकडून सर्वांसमक्ष खावविल्या. न्यायाची ही तऱ्हा कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत सांपडावयाची नाहीं, पण खेड्याच्या पारावर ती लगेच समजते.

याच कामांत ठगांचा माग त्याला प्रथम लागला. पण तपास पुरा होण्यापूर्वींच त्याला परत पलटणींत बोलाविण्यांत आलें आणि ठगांच्या बंदोबस्ताचें श्रेय मध्य हिंदुस्थानांत स्लीमन यांच्याकडे गेलें. याची हळहळ म्हातारपणींहि त्याच्या मनांतून गेली नव्हती.

आतां त्याच्या चित्रकलेकडे वळतों. १८३७ सालीं लंडनच्या चार्ल्स टिल्ट या प्रकाशकानें ‘स्केचेस इन द डेक्कन’ या नांवानें टेलरच्या चित्रांचा संग्रह काढला. त्या वेळीं फोटोग्राफी नव्हती. तिचा शोध जगापुढें आला तो १८३९ सालीं. दूर देशींचा मनुष्य, त्याचा पोषाख, त्याचें घर, त्याची मशीद किंवा देऊळ लोकांना दाखवावयाचें तर पेन्सिल हेंच साधन होतें. फौजी अधिकाऱ्याला थोडेंबहुत चित्र काढतां येणें ही केवळ करमणूक नसे. नदीचा उतार कोठें आहे, किल्ल्याचा कोणता बुरूज ढासळलेला आहे, हें कागदावर उतरविणें त्याच्या धंद्याचाच भाग होता. टेलरची पेन्सिल मात्र बुरुजावर थांबली नाहीं. ती माणसांकडे गेली.

हीं चित्रें छापलीं कशीं, हेंहि सांगण्याजोगें आहे. एका विशिष्ट जातीच्या चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें चित्र काढतात. दगड पाण्यानें ओला केला म्हणजे रेघा सोडून बाकीच्या भागावर पाणी राहतें. मग शाई फिरविली कीं ती फक्त तेलकट रेघांना धरते आणि कागद दाबतांच चित्र उठतें. हाच तो शिळाछाप. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ च्या सुमारास मराठी पंचांग छापलें तें याच युक्तीनें. टेलरचीं चित्रें दगडावर उतरविलीं तीं मात्र त्यानें नव्हे, तर लंडनमधील दुसऱ्या कारागिरांनीं. म्हणजे ज्यानें पाहिलें त्याचा हात एक आणि ज्यानें छापासाठीं काढलें त्याचा दुसरा. अशा व्यवहारांत दख्खनच्या उन्हाचा कडकपणा थोडा मऊ व्हावा, चेहरे थोडे विलायती वळणावर जावेत, हें स्वाभाविक आहे. त्या काळचीं चित्रें पाहतांना हा मधला हात विसरूं नये.

मराठवाड्याच्या आसपास असे शिपाई-चितारी आणखीहि झाले. १८१९ च्या एप्रिलांत अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत आपलें नांव कोरून ठेवणारा जॉन स्मिथ हा शिपाईच होता. त्याला चितारी मात्र म्हणतां येणार नाहीं. १८४४ पासून अजिंठ्यास राहून भित्तिचित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेंतील अधिकारी. त्याच्या त्या मेहनतीचा बहुतेक भाग १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाला. गिलची कथा मराठी वाचकांना परिचित आहे. ना. धों. महानोरांनीं तिच्यावर ‘अजिंठा’ हें काव्य लिहिलें. टेलरच्या वांट्यास असा कवि आला नाहीं. कदाचित् असेंहि असेल कीं गिलनें दुसऱ्यांच्या अद्वितीय चित्रांची सेवा केली आणि टेलरनें आपल्या डोळ्यांपुढचें साधें जग पाहिलें. साध्या जगावर काव्य होणें कठीणच.

टेलरचें नांव झालें तें चित्रांनीं नव्हे, पुस्तकानें. तापानें अंथरुणास खिळला असतां त्यानें एक कादंबरी लिहावयास घेतली आणि रजेवर इंग्लंडला गेल्यावर, १८३९ सालीं, ती ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या नांवानें तीन भागांत प्रसिद्ध झाली. अमीर अली नांवाचा ठग एका साहेबासमोर आपली जबानी देतो, अशी तिची मांडणी. असा एक माफीचा साक्षीदार खरोखर होता आणि तो आपल्या हातून ७१९ माणसें मेल्याचें सांगे, अशी नोंद टेलरनें प्रस्तावनेंत केली आहे. पुस्तकाचे फर्मे तपासून होतील तसतसे तरुण राणी व्हिक्टोरियानें मागवून घेतले, असेंहि तो लिहितो. त्या पुस्तकाचें बळ खुनांच्या वर्णनांत नाहीं. वाटेवरच्या मुक्कामांचें, सराईंतल्या गप्पांचें, अमरावतीसारख्या पेठेच्या गजबजाटाचें, वऱ्हाडांतून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्याचें चित्र इतक्या ओळखीनें काढलेलें आहे कीं आपल्याकडील वाचकाला तीं ठिकाणें दिसूं लागतात. जो मनुष्य हरिसिंगाच्या दुकानीं फसला होता, त्यानें येथें हरिसिंगालाच बोलूं दिलें आहे. साहेब बहुतेक गप्प राहतो आणि ठग बोलतो. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत ही गोष्ट विरळा.

तथापि एक सावधगिरीचा शब्द येथें बोललाच पाहिजे. ठगांविषयींची बहुतेक सर्व माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आलेली आहे. आणि फांशी चुकविण्यासाठीं बोलणारा मनुष्य विचारणाऱ्याला काय ऐकावयाचें आहे तेंहि ओळखून बोलतो. अलीकडच्या इतिहाससंशोधकांनीं या जबान्या पुन्हां तपासून पाहिल्या आहेत. वाटमारी करून गळे आवळणाऱ्या टोळ्या होत्या याविषयीं शंका नाहीं. परंतु साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला, देवीच्या आज्ञेनें चालणारा एकच गुप्त संप्रदाय होता काय, याविषयीं त्यांच्यांत मोठा मतभेद आहे. ही चर्चा केवळ विद्वानांची नव्हे. जन्मानेंच मनुष्य गुन्हेगार असतो ही कल्पना ठगांच्या बंदोबस्तांत रुजली, १८७१ सालीं तिचा कायदा झाला आणि कित्येक भटक्या जमातींच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. टेलरनें तो कायदा केला नाहीं, मागितलाहि नाहीं. पण त्याची कादंबरी ज्यांनीं वाचली त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं हिंदुस्थानचा प्रत्येक वाटसरू संशयानें पाहिला असेल, हें नाकारतां येत नाहीं. चांगल्या रीतीनें काढलेलें चित्रहि पाहणाऱ्याच्या हातीं गेल्यावर चिताऱ्याचें राहत नाहीं.

रजेवरून परतल्यावर १८४० पासून १८५३ पर्यंत तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा हिंदुस्थानांतील बातमीदार होता. याच सुमारास त्याला त्याच्या आयुष्यांतलें सर्वांत नाजूक काम मिळालें. कृष्णेच्या दक्षिणेकडे नव्हे, तर कृष्णा आणि भीमा यांच्या दुआबांत सुरपूर नांवाचें बेरड नायकांचें एक लहान संस्थान होतें. आज तें कर्नाटकांत यादगीर जिल्ह्यांत आहे. राजा व्यंकटाप्पा नायक अल्पवयी, राणी ईश्वरम्मा कारस्थानी असा टेलरचा ग्रह, खजिना रिकामा आणि कर्ज डोक्यावर. टेलर तेथें १८५३ पर्यंत कारभारी होऊन राहिला. त्यानें कर्ज फेडलें, तलाव दुरुस्त केले आणि टेकडीवर स्वतःसाठीं घर बांधलें. तें ‘टेलर मंझिल’ या नांवानें ओळखलें जातें. लहान राजा त्याला ‘अप्पा’ म्हणे.

हें नातें पुढें कसें तुटलें तें टेलरनें फार दुःखानें सांगितलें आहे. १८५७ च्या वणव्याची झळ सुरपुरास लागली. राजा वयांत आलेला होता; त्यानें १८५८ च्या आरंभीं इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललें, पराभव झाला आणि हैदराबादेस तो पकडला गेला. टेलर तुरुंगांत त्याला भेटला. फांशीची शिक्षा कमी होऊन चार वर्षांची कैद ठरली. पण कैदेच्या ठिकाणीं नेत असतां पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा वाटेंतच मेला. गोळी त्यानें स्वतःच झाडली होती. टेलरच्या लेखी हा एका फसलेल्या पोराचा शेवट. सुरपूरकरांच्या लेखी तो एका राजाचा उठाव. ज्यानें त्या मुलाला मांडीवर वाढविलें, त्याला त्या मुलाच्या मनांतला राजा दिसला नव्हता काय? कीं दिसला होता, आणि त्याकडे पाहण्याचें धैर्य झालें नाहीं? हिंगोलीला व्यापाऱ्याच्या आड लपलेला ठग दिसला नव्हता. येथें तर पांघरूण मायेचें होतें.

सुरपूरच्या मुक्कामांतील एका कामाची मात्र आज विद्वानांत अधिक किंमत होते, आणि तें काम त्याच्या चिताऱ्याच्या हातानेंच साधलें. त्या मुलखांत माळरानावर मोठमोठ्या शिळांचीं वर्तुळें, दगडांचे ढीग आणि दगडी खोल्यांचीं थडगीं पसरलेलीं आहेत. गांवकरी त्यांविषयीं नाना कथा सांगत. टेलरनें जेवरगी वगैरे ठिकाणीं तीं खणलीं. पुष्कळांनीं त्या काळीं खणलें तें भांडीं आणि सोनें शोधण्यासाठीं. वस्तु निघाली कीं खड्डा बुजविला. टेलरनें खड्ड्याची उभी बाजू पाहिली. वर कोणती माती आहे, तिच्याखालीं कोणती, हाडें कोणत्या थरांत, मडकीं कोणत्या थरांत, राख कोठें, याची त्यानें मापें घेऊन उभ्या छेदाची आकृति काढली. यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. विशेष हें कीं खालचा थर आधीं पडलेला आणि वरचा मागून, या साध्या गोष्टीवर सगळी पुराणवस्तुविद्या उभी आहे; आणि ही आकृति नसेल तर निघालेलें मडकें केवळ मडकें राहतें, त्याला काळ राहत नाहीं. ही पद्धति युरोपांतहि रूढ होण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं. आपल्या पुराणवस्तुखात्याचे १९४४ ते १९४८ पर्यंतचे प्रमुख सर मॉर्टिमर व्हीलर, जे स्वतः दोन्ही महायुद्धांत लढलेले शिपाई होते, त्यांनीं टेलरच्या या आकृत्यांची मोठी वाखाणणी केली आहे. निवृत्तीनंतर टेलरनें हीं थडगीं आणि आयर्लंडांतील तशींच थडगीं यांची तुलना करून डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडेमीपुढें निबंध वाचला. त्याचे हे लेख हैदराबादच्या पुराणवस्तुखात्यानें १९४१ सालीं एकत्र छापले.

हिंगोलीच्या ओहोळांत खणलें तेव्हां सर्वजण मळमळून दूर झाले होते. सुरपुरास खणलें तेव्हां तोच मनुष्य खड्ड्याच्या कांठीं बसून रेघ ओढीत होता. प्रेतें दोन्हीकडे होतींच.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडील प्रदेश कंपनीच्या हवालीं केला, तेव्हां नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. नळदुर्ग ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तेथील बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल आठवत असेल. पावसाळ्यांत बांधावरून कोसळणाऱ्या पाण्याला लोक नर आणि मादी म्हणतात. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींतलें हें काम. टेलरनें येथें रस्ते, तलाव आणि जमिनीची मोजणी यांत चार वर्षें घालविलीं; आणि नळदुर्ग, तुळजापूर व विजापूर या टापूचें जें दर्शन त्याच्या मनांत सांठलें, त्यांतून १८६३ सालीं ‘तारा’ ही कादंबरी निघाली. तुळजाभवानीच्या देवळांतील मुख्य शास्त्र्याची मुलगी ही तिची नायिका, काळ १६५७ चा, आणि अफझलखान व शिवाजी महाराज यांचा प्रसंग तिच्यांत येतो. महाराजांविषयींचीं त्याचीं मतें मराठी वाचकाला जागोजाग खटकतात. तो विजापुरच्या बाजूनें अधिक पाहतो. परंतु देवळांतील पहाटेची वर्दळ, यात्रेची दाटी, पुजाऱ्यांचीं घरें आणि घरांतील स्त्रियांचें बोलणें हें सारें त्याच्या काळच्या दुसऱ्या कोणा इंग्रजाला इतक्या आपलेपणानें लिहितां आलें नाहीं. पुढें १८६५ त ‘राल्फ डार्नेल’ आणि १८७२ त ‘सीता’ या कादंबऱ्या लिहून १६५७, १७५७ आणि १८५७ अशीं तीन शतकें त्यानें एका सूत्रांत ओंवलीं.

आतां युद्धाविषयीं. सेवानिवृत्त कर्नल म्हटला कीं लढायांची आठवण विचारली जाते. टेलरजवळ सांगण्यासारखी मोठी लढाई नव्हती. १८५७ च्या ऑगस्टांत त्याला नळदुर्गाहून वऱ्हाडांत बुलढाण्यास जाण्याचा हुकूम आला. हैदराबादचे रेसिडेंट डेव्हिडसन यांनीं स्पष्टच कळविलें कीं सैन्य देतां येत नाहीं, जसें जमेल तसें धरून राहा. उत्तरेकडे सगळें पेटलेलें, मध्यें सातपुडा, आणि वऱ्हाड फिरलें तर आग दक्षिणेंत उतरणार. टेलर पलटणीशिवाय गेला आणि पलटणीशिवाय राहिला. पाटील-देशमुखांना भेटणें, अफवा कोठून निघते तिचा माग घेणें, वसुलींत जुलूम होऊं न देणें, एवढींच त्याचीं हत्यारें. वऱ्हाड शांत राहिलें. इतकेंच नव्हे, तर मध्य हिंदुस्थानांत चालून जाणाऱ्या जनरल व्हिटलॉकच्या फौजेला तोफा ओढण्यासाठीं लागणारे बैल त्यानें याच प्रांतांतून जमवून पाठविले. स्वातंत्र्यासाठीं लढणाऱ्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर हा शत्रूचाच पराक्रम झाला, आणि आपण तो तसाच मानला पाहिजे. पण एकहि गोळी न झाडतां एक प्रांत संभाळला गेला, यामागें ३० वर्षें त्या भागांत घोड्यावरून आणि पायीं केलेली भटकंती होती, हेंहि तितकेंच खरें.

१८६० सालीं प्रकृति ढासळल्यामुळें तो विलायतेस परतला आणि डब्लिनजवळ राहिला. बायको १८४४ सालींच वारली होती. मुली जवळ होत्या. पुढील पंधरा वर्षें त्यानें लेखणी ठेविली नाहीं. विजापूरच्या इमारतींच्या फोटोंचा मोठा ग्रंथ १८६६ सालीं निघाला. त्यांतील शिल्पाचें विवेचन फर्ग्युसन यांचें आणि इतिहास टेलरचा. विद्यार्थ्यांसाठीं त्यानें हिंदुस्थानचा इतिहासहि लिहिला. चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी त्याच्या पश्चात् १८७८ त बाहेर आली.

१८७५ सालीं त्याची दृष्टि गेली. त्याला सल्ला मिळाला कीं हिवाळा उष्ण देशांत काढावा. आणि सालारजंगांचें निमंत्रणहि होतें. तो हैदराबादेस आला. ज्या पठाराचा ओढा न् ओढा, कमान न् कमान त्यानें कागदावर उतरविली होती, त्या पठारावर तो आतां कोणाचा तरी हात धरून हिंडत होता. तेथें त्याला रानतापानें गांठलें. परतीच्या वाटेवर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मेंतों येथें १३ मे १८७६ रोजीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, तो वारला. आत्मचरित्राची प्रत त्यानें आधींच लिहून ठेविली होती. त्याच्या मुलीनें ती नीट लावून १८७७ सालीं ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या नांवानें छापली. ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं त्या पुस्तकांतील औरंगाबाद, नळदुर्ग आणि वऱ्हाडचीं प्रकरणें तरी आवर्जून वाचावींत.